ड्रायव्हर बाजूची काच

५ जानेवारी, रविवार

ही वही कारखान्याची आहे. पानावर छापील रकाने आहेत: लूम नंबर, शिफ्ट, बिघाड, उपाय, सही. मागच्या मे महिन्यात कापडाचे लूम भंगारात गेले तेव्हा कारखान्याच्या शेठने विचारलं होतं, रवींद्र, आठवण म्हणून काय नेतोस. बाकीच्यांनी पंखे नेले. मी कोऱ्या वह्या मागितल्या. सहा मिळाल्या. एकवीस वर्षं मी रोजचा बिघाड लिहीत आलो. आयटीआय केलेली पोरं माझ्या नोंदी बघून काम शिकली. आता लूम नाहीत, पण घरात गाडी आली आहे. म्हणून पुन्हा लिहायला घेतो. रकाने आडवे ओलांडून लिहावं लागेल, इलाज नाही.

गाडी पांढरी, छोटी, बारा वर्षं जुनी. कशेळीच्या हिरामण शेठची. गोडाऊनं भाड्याने देणारा माणूस, आता मोठी गाडी घेतली. ही स्वस्तात दिली, कारण त्याची बोअरची मोटर मी दोनदा दुरुस्त केली होती आणि दुसऱ्यांदा बिघडली ती माझ्यामुळे नाही, हे त्याला पटलं होतं. इंजिन चांगलं. बिघाड एकच: चारी दरवाज्यांना आणि मागच्या काचेला काळी फिल्म. शेठ म्हणाला, काळी काच म्हणजे वजन असतं माणसाचं. आता ते वजन जांभळं पडलंय आणि जागोजागी फुगे आलेत. लांबून पाहिलं तर गाडीला देवी येऊन गेल्यासारख्या वाटतात. शिवाय नाक्यावर पोलीस शिट्टी मारतो ते वेगळं.

गाडी घेतली ती आक्कासाठी. आक्का म्हणजे माझी सासू, मंदाची आई, वय चौऱ्याहत्तर, मुक्काम दिघाशी. दिवाळीआधी अंगणात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. आता मंगळवारी आणि शुक्रवारी अंबाडी नाक्यावर व्यायामाच्या डॉक्टरकडे न्यावं लागतं, मे महिन्यापर्यंत. इथे भिवंडीत आमच्याकडे ये म्हटलं तर कोंबड्या कोण बघणार म्हणते. रिक्षाने नेऊन पाहिलं, वाडा रोडच्या खड्ड्यांनी ती रडायची बाकी राहिली.

घरात गाडी चालवणारा मी एकटा. मंदाला वाहनाची भीती आहे. लग्नानंतर मी तिला स्कूटर शिकवायला घेतली होती, चौथ्या दिवशी तिने किल्ली परत दिली. शिकवताना माझा आवाज जरा चढतो, हे मान्य.

१२ जानेवारी, रविवार

फिल्म काढली. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. पद्धत लिहून ठेवतो, पुढे कुणाच्या उपयोगी पडेल.

पहिली चूक सगळे करतात तीच मीही केली: कोपरा उचकटून ओढली. वरचा पापुद्रा हातात आला, खालचा गोंदासकट काचेला. मग शेजारच्या विनिताकडून केस वाळवायचं मशीन आणलं. काच गरम करत, वरच्या कोपऱ्यापासून, फिल्म काचेला जवळजवळ चिकटती ठेवून, गोगलगाईच्या गतीने ओढायची. घाई केली की फाटली. उरलेल्या गोंदावर साबणाचं पाणी मारलं, वरून कचऱ्याची काळी पिशवी चिकटवली आणि गाडी तासभर उन्हात ठेवली. गोंद साखरेच्या पाकासारखा सुटला. दरवाज्याच्या काचेवर ब्लेड आडवं धरून चालतं, टोकावर उभं नाही. मागच्या काचेवर ब्लेड अजिबात नाही, तिच्यात तापायच्या बारीक तारा असतात. तिथे जुन्या बँक कार्डाने खरवडलं.

विनिता मध्ये मध्ये येऊन बघत होती. तिच्या नवऱ्याचा, कुणालचा, पाण्याच्या जारचा धंदा. कुणाल फोन घेतो आणि ही टेम्पो चालवते. चालवते बरी, पण क्लचवर पाय ठेवून असते. मी दोनदा सांगितलंय. आज म्हणाली, रवीदादा, एवढ्या वेळात मी मुलीचं लग्न लावून आले असते. मी पुढचा कोपरा गरम करायला घेतला.

आता महत्त्वाचं. फिल्म काढण्याआधी मी पाचही काचांवरचे ओरखडे मोजले होते: एकतीस. काढल्यानंतर राहिले चार. म्हणजे सत्तावीस फिल्मवर होते, काचेवर नव्हते. उगाच काचा बदला म्हणून सांगणारे लोक किती लुटतात बघा. चारही उरले ते ड्रायव्हरच्या दरवाज्यावर, बाहेरच्या अंगाने, उभे. नख फिरवून पाहिलं, अडकत नाही. नख अडकलं नाही म्हणजे ओरखडा वरवरचा, पॉलिशने जाईल.

ती काच खाली-वर होताना कुरकुरत होती. ज्या मऊ, लोकरी फेल्टच्या पट्टीतून ती सरकते तिच्यात दोन्ही बाजूंना चार-चार थेंब लूमचं तेल सोडलं, मग बाकीच्या तीन दरवाज्यांतही. आता लोण्यासारखी उतरते. जिथे हालचाल आहे तिथे तेल पाहिजे. हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

१५ जानेवारी, बुधवार

मंदाने जेवताना विचारलं, हाफ क्लच म्हणजे काय. ताट, वाटी आणि चमचा घेऊन समजावलं. चाळीस मिनिटं लागली. एरवी ती दहाव्या मिनिटाला पाणी आणायला उठते, आज शेवटपर्यंत बसली आणि दोन प्रश्न विचारले. गाडी घरात आली की माणसाची दृष्टी वाढते.

१९ जानेवारी, रविवार

कल्याण नाक्याजवळच्या काचवाल्या चाचाकडून पॉलिशची गुलाबी पावडर आणली. पाण्यात कालवून, फेल्टच्या चकतीने, काच कोरडी न होऊ देता गोल गोल. दोन तास दहा मिनिटं. चारही ओरखडे गेले.

मंदाला बोलावून दाखवलं. काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. छान, म्हणाली. मग गाडीच्या आरशातून मागचं किती दिसतं हे विचारलं. म्हटलं, फिल्म होती तेव्हा काहीच दिसत नव्हतं, आता सगळं दिसतं. तर म्हणाली, बरं झालं.

२४ जानेवारी, शुक्रवार

नवे ओरखडे. तीन. त्याच काचेवर, तसेच उभे, बाहेरच्या अंगाने.

काहीच कळत नाही. सोमवार, बुधवार, गुरुवार गाडी दारात उभी असते. लूमच्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही, म्हणून दुरुस्तीच्या कामाला मी स्कूटरवर जातो. मंगळवारी दिघाशी-अंबाडी झालं तेव्हा काच साफ होती. मग उभ्या गाडीला ओरखडा कोण मारतो? गल्लीतली पोरं असती तर आडवे-तिडवे मारले असते. उभे, एकमेकांना समांतर ओरखडे मारणारी पोरं अजून जन्मली नाहीत.

आणखी दोन नोंदी. एक, सीट दोन दात पुढे सरकलेली मिळाली. खटका सैल झालेला दिसतो, उताराने सरकत असावी. दोन, मीटरवर मंगळवारच्या आकड्यापेक्षा नऊ किलोमीटर जास्त आहेत. आकड्यांचं मीटर असंच असतं, बॅटरी कमी झाली की काहीही दाखवतं. काट्याचं मीटर कधी खोटं बोलत नसे.

२८ जानेवारी, मंगळवार

मोठी बातमी. कशेळीच्या एका गोडाऊनमध्ये मेंटेनन्स सुपरवायझरची जागा आहे. हिरामण शेठने नाव सुचवलं होतं. काल गेलो. मॅनेजर तिशीचा पोरगा, सर्टिफिकेट विचारलं. म्हटलं, सर्टिफिकेट नाही, बिघाड दाखवा. माल सरकवायच्या पट्ट्याचा एक रोलर सकाळपासून अडकला होता. अकरा मिनिटांत चालू केला. पट्ट्याच्या आत प्लॅस्टिकची दोरी गुंडाळली गेली होती. आवाजावरूनच कळलं होतं, पण लगेच सांगितलं तर किंमत राहत नाही म्हणून उघडून दाखवलं. पोरगा उभा राहून हात मिळवून गेला.

आठ ते पाच, सोमवार ते शनिवार, पगार दर महिन्याला, पीएफसुद्धा. ३ मार्चला हजर व्हायचं, २८ फेब्रुवारीपर्यंत हो की नाही कळवायचं. घरची जरा अडचण आहे, बघून कळवतो म्हटलं.

नोकरी मला हवी आहे. हे इथे लिहायला हरकत नाही. नऊ महिने झाले, कुणी बोलावलं तर जायचं, नाहीतर दारात बसून रस्ता बघायचा. लूम रोज कमी होतायत, बोलावणारेही. पण मंगळवार आणि शुक्रवारी आक्काला अंबाडीला कोण नेणार? डॉक्टर रविवारी बसत नाही. दर आठवड्याला दोन दिवस सुट्टी द्या असं नव्या जागी पहिल्या दिवशी सांगणारा माणूस दुसऱ्या दिवशी घरी असतो. आणि व्यायाम आता थांबला तर आक्का कायमची काठीवर, असं डॉक्टरने स्पष्ट सांगितलंय.

मंदाला सांगितलं. तिला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. मग अडचण सांगितली. ती म्हणाली, लगेच 'नाही' कळवू नका, एक महिना आहे. महिन्यात काय होणार आहे? आक्काचं हाड काही माझी तारीख बघून जुळणार नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

ओरखडे: आजवर एकूण नऊ. काल पुन्हा पॉलिश केलं होतं, सगळे घालवले होते. आज संध्याकाळी कामावरून आलो तर दोन नवे.

संशयितांची यादी केली. पुसायचं फडकं: बदललं, फरक नाही. कोंबडी, मांजर: नखाने काचेवर ओरखडा उठत नाही, मी स्वतः माझ्या नखाने करून पाहिलं. हलकी काच: शक्य आहे, पण मग बाकीच्या चार का चांगल्या? विनिताचा टेम्पो शेजारी लागतो, जार चढवताना घासत असेल असं वाटून तिला टेम्पो हातभर लांब लावायला सांगितलं. ती मंदाकडे बघून हसली. बायकांना शिस्तीचं हसू येतं.

मागच्या काचेवर वेगळाच प्रकार. खालच्या डाव्या कोपऱ्यात गोंद सापडला, ताजा, चिकट, चौकोनी. कडेला किंचित लाल. मी ती काच बँक कार्डाने तीन तास खरवडली होती, तिथे गोंद राहणं अशक्य. माझा अंदाज असा की जुना गोंद काचेत मुरलेला असतो आणि ऊन लागलं की घामासारखा बाहेर येतो. हे कुठे लिहिलेलं मिळालं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आक्काला घेऊन अंबाडीला गेलो. आता ती काठी न घेता सात पावलं टाकते. डॉक्टरने टाळ्या वाजवल्या तर म्हणाली, मी काय बारसं करून आले का टाळ्या वाजवायला.

येताना रस्त्याला डंपरची रांग होती, धुळीने समोरचं दिसेना. मी काच खाली करून हात बाहेर काढून मागच्याला थांबवलं आणि तेव्हा पुन्हा काचेचा विषय निघाला. फिल्म, पावडर, नऊ ओरखडे, संशयितांची यादी, सगळं तिला सांगितलं. ती ऐकून घेते, ही तिची चांगली सवय. शेवटी म्हणाली, "जावयबापू, तुम्ही काचंकडं लई बघता. काच तिच्या पल्याडचं बघायला असती."

मग तोंडाला पदर लावून हसत बसली. आक्काला हल्ली माझ्याशी बोलताना हसू फार येतं. गोळ्यांचा परिणाम असेल, डॉक्टरला विचारायला हवं.

नोकरीचं तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर व्यायामच बंद करेल, मी तिला ओळखतो. मनातल्या मनात मी नकाराचं वाक्य तयार केलं आहे: घरच्या अडचणीमुळे सध्या जमणार नाही. 'सध्या' ठेवावं की काढावं हे ठरत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज स्वतःवरच चिडलो. मागच्या रविवारी तिसऱ्यांदा केलं होतं, आज चौथ्यांदा पॉलिश केलं. ओरखडे गेले, पण आता त्या जागेतून पाहिलं की समोरच्या घराचा पत्रा लाटेसारखा हलतो. एकाच जागी इतकी घासली की काच खोलगट झाली. थोडीच, दुसऱ्याला कळणार नाही. मला कळते. दुखणं बरं करता करता पेशंटच बारीक केला.

चाचाकडे गेलो. बोललो की नवी काच टाकतो, हिच्यात दोष आहे. चाचा पन्नास वर्षं काचेत आहे. आझमगढहून आला तो लूमवर काम करायला, पण लूमचा आवाज सोसला नाही. त्याने सगळं ऐकून चहा मागवला आणि म्हणाला, "मिस्त्री, खरोंच सीधी है ना? ऊपर से नीचे? तो काँच को मत देखो. काँच जिस रास्ते से आती-जाती है, वो रास्ता देखो."

मी म्हटलं, रस्ता मी स्वतः तेल घालून ठेवलाय. तो कप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला, जसं मी नव्या पोरांकडे बघायचो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आक्काला सोडून दुपारी तीनला घरी आलो आणि ड्रायव्हरच्या दरवाज्याचं आतलं कव्हर काढलं. फेल्टच्या पट्ट्या ओढून काढल्या.

जे दिसलं ते जसंच्या तसं लिहितो. फेल्ट काळं आणि ओलं. बोटाने दाबलं तर चिखल निघाला. कापसाचा फ्लफ, जो आपल्या भिवंडीत हवेतच असतो, वाडा रोडच्या डंपरची खडीची धूळ, आणि या दोघांना धरून ठेवणारं लूमचं तेल. माझं तेल. बोटांत चोळलं तर कचकच लागली. फेल्ट कोरडं असतं तर धूळ झडून गेली असती. मी तेल घालून तिचा पॉलिशपेपर केला. चारही वेळा मी काच गुळगुळीत करून त्याच कागदात परत ढकलली.

लूमला तेल लागतं कारण तिथे लोखंडावर लोखंड चालतं. काचेचं काम कोरडं. हे मला कळायला हवं होतं. एकवीस वर्षांत सवयीने हात तेलाकडे गेला आणि मी त्याला ज्ञान म्हटलं. सहीच्या रकान्यात सही करतो: रवींद्र.

पण हिशेब अजून जुळत नव्हता. बाकीच्या तीन खिडक्यांतही तेल घातलं होतं, तिथे फेल्ट जवळजवळ कोरं. ड्रायव्हरचं मात्र कडेने झिजून दोऱ्या निघाल्या होत्या. मी आठवड्यातून दोन दिवस गाडी चालवतो, काच दिवसाला सात-आठ वेळा खाली करतो. त्याने एवढं झिजत नाही. लूमच्या धोट्याची झीज बघून तो किती चालला ते मी सांगू शकतो, तसंच हेही. ही काच महिनाभरात निदान तीनशे वेळा खाली-वर झालेली आहे. भूत काच खाली करत नाही. सीट, मीटर, लाल कडेचा गोंद, सगळं एका रांगेत उभं राहिलं आणि मी दरवाज्याशी तसाच बसून राहिलो.

जेवताना विचारलं, गाडीची काच कोण खाली करतं.

मंदाने भात वाढून पातेलं खाली ठेवलं. "मी."

"किती वेळा?"

"मोजलं नाही. मोजायचं काम तुमचं." मग म्हणाली, "विनिता काच बंद करू देत नाही. मागच्याचा हॉर्न कानावर आला पाहिजे म्हणते. सुरू केली की खाली, परत आणली की वर. मध्ये कुणी ओळखीचं दिसलं की हाक मारेल म्हणून पुन्हा वर."

डिसेंबरमध्ये, गाडी ठरली त्याच आठवड्यात, तिने शिकाऊ लायसन काढलं होतं, विनिताच्या मोबाईलवरून. तो लाल कडेचा गोंद 'एल'च्या स्टिकरचा. लावायचा, येताना काढायचा. महिनाभर मी कामाला गेलो की दोघी बायपासच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर, मग रस्त्यावर, मग नदीनाक्यापर्यंत. आक्काला माहीत होतं. नाशिकला नर्सिंग शिकणाऱ्या आमच्या धम्मदिनाला माहीत होतं. कुणालला माहीत होतं. चोवीस तारखेला तिची आरटीओची परीक्षा आहे.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस.

ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही शिकवलं असतंत."

मी ताटावरून उठलो नाही, पण जेवलोही नाही. ती भांडी घासून आली, समोर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही कायम असे घरी बसणार नाही, हे मला माहीत होतं. आज ना उद्या कुणीतरी बोलावणारच होतं तुम्हाला. तेव्हा आईसाठी तुम्हाला नाही म्हणावं लागू नये, म्हणून शिकले."

१९ फेब्रुवारी, बुधवार

गाडीकडे गेलो नाही.

धम्मदिनाचा फोन आला. पप्पा, रागावलात का. म्हटलं, नाही. म्हणाली, मला तुम्ही सायकल शिकवली होती ती आठवते, मी तिसऱ्या दिवशी सायकल तिथेच टाकून पळाले होते. म्हटलं, ब्रेक उशिरा दाबत होतीस. ती म्हणाली, बघा.

तिचं 'बघा' मला दुपारभर पुरलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नवं फेल्ट आणून बसवलं, चारी दरवाज्यांना. खाचेतलं जुनं तेल साबणाच्या पाण्याने धुऊन, कपड्याने कोरडं करून, मगच. तेलाचा डबा माळ्यावर ठेवला. काच आता थोडी कुरकुरते. कुरकुरू दे.

खोलगट जागेतून पत्रा अजून हलतो. पण मी ड्रायव्हरच्या सीटवर मंदाच्या मापाने बसून पाहिलं, दोन दात पुढे. तिच्या नजरेची रेषा त्या जागेच्या चार बोटं खालून जाते. काच बदलायची गरज नाही.

संध्याकाळी मंदाला म्हटलं, परीक्षेला मी येतो. ती म्हणाली, तुम्ही घरी थांबा. मी थांबतो म्हटलं. क्लचबद्दल एक गोष्ट सांगायची होती, ती सांगितली नाही. हे सोपं नव्हतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी साडेआठला दोघी गेल्या. मी नऊ ते साडेबारा घरातल्या सगळ्या दाराच्या बिजागऱ्या तपासल्या. सगळ्या ठीक आहेत.

बाराला विनिताचा फोन आला. पास. मागे घेताना एकदा गाडी बंद पडली, तर इन्स्पेक्टर म्हणाला, ताई, घाई नाही. विनिता म्हणाली, रवीदादा, तुम्ही तिथे असता तर नापास झाली असती, खरं सांगा. मी म्हटलं, तुझा टेम्पो पुन्हा जवळ लावलास तरी चालेल.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज गाडी मंदाने चालवली. भिवंडी ते दिघाशी मी तिच्या शेजारी होतो. दिघाशीला आक्का म्हणाली, पुढं मी बसनार, माझी लेक हाय. म्हणून मी मागे बसलो. स्वतःच्या गाडीत मागे मी पहिल्यांदाच बसलो.

मागून वेगळंच दिसतं. मागच्या डाव्या दरवाज्याच्या काचेवर, अगदी खालच्या कडेला, फेल्टच्या वर, बोटभर जुना गोंद राहिला होता. बाहेरून दिसत नाही, पुढच्या सीटवरून दिसत नाही, मागे बसणाऱ्यालाच दिसतो. दीड महिना मी सगळ्यांना सांगत होतो की गाडीवर गोंदाचा ठिपका नाही.

दिघाशी ते अंबाडी मी तो नखाने खरवडत आलो. चढाला तिने तिसरा गिअर ठेवला, मी खरवडत राहिलो. डंपर समोरून आला, तिने काच खाली करून हात दाखवला, आधी त्याला जाऊ दिलं, मी खरवडत राहिलो. एका खड्ड्याला ती इतकी हळू गेली की आक्काला कळलंही नाही की खड्डा होता. मी त्या खड्ड्याला कधी एवढा हळू गेलो नव्हतो. आक्का मान वळवून म्हणाली, "जावयबापू, आज तोंडात काय धरून बसलात?" मी म्हटलं, गोंद काढतोय. नख तुटलं, पण काच साफ झाली.

अंबाडीला आक्काला आत नेऊन बसवलं. बाहेर आलो तर मंदा गाडी लावत होती, उसाच्या गाड्याच्या आणि एका छोट्या हत्ती टेम्पोच्या मध्ये. मी पायरीवर उभं राहून कशेळीला फोन लावला. म्हटलं, सोमवारी सकाळी आठला येतो. मॅनेजर म्हणाला, घरची काहीतरी अडचण होती ना तुमची, सुटली का. म्हटलं, सुटली.

तिने गाडी तीनदा पुढे-मागे करून लावली. मी असतो तर दोन वेळांत लावली असती. हे कुणाला सांगितलेलं नाही, इथेच लिहून ठेवतो.